बिनकामाच्या गोष्टींची पोथी



मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ गप्पांमधून उभा राहिला आणि तो आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला लिहिला गेला. एवढं सांगून मी खाली बसलो असतो तरी आजच्या विषयाचं काम झालं असतं. पण संयोजकांनी तासभर दिला आहे, आणि वऱ्हाडी माणसाला बोलायला तास दिला की तो सव्वा तास घेतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

लीळाचरित्र आपल्याला शाळेत भेटतं ते परीक्षेपुरतं. म्हाइंभट, शके १२००, आद्य गद्यग्रंथ. गाळलेली जागा भरली की गुण मिळाले. पुढं महाविद्यालयात त्यातली विभक्तिरूपं निघतात, यादवकालीन समाजजीवनावर टिपणं होतात. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पुन्हा एकदा त्याचं नाव अभिमानानं घेतलं. वाचलं मात्र फार थोड्यांनी. आणि जे वाचायला बसतात त्यांची पहिली अडचण अशी होते, की यात कामाचं आणि बिनकामाचं सगळं एका पंगतीला बसलेलं आहे. एका लीळेत जीव आणि परमेश्वर यांचा विचार चालू आहे. पान उलटावं, तर पुढं कोणी काय रांधलं, भिक्षेला कोण कोणत्या गावात गेलं, वाटेत एखादं देऊळ लागल्यावर कोणी काय विचारलं. तत्त्वज्ञान शोधायला आलेला वाचक वैतागतो. मला स्वतःला हा ग्रंथ आवडतो तो नेमका या वैतागाच्या जागांसाठी.

ही पोथी श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांची, आणि सभेत त्यांच्या महानुभाव पंथातली मंडळी असतील. मी गप्पा म्हणतो त्यात अनादर नाही, हे आधी सांगतो. आपल्याकडे गप्पा म्हटलं की रिकामटेकडेपणा आठवतो. पण ज्या गोष्टींचं आपल्याला खरोखर कुतूहल असतं त्या आपण सभेत विचारत नाही, कामावरून उठल्यावर विचारतो. श्रीचक्रधरांच्या भोवती जी थोडी माणसं जमली होती ती नेमकं हेच करीत होती, आणि सुदैवानं कोणीतरी ते लिहून ठेवलं.

ही माणसं कोण होती तेही पाहिलं पाहिजे. तेराव्या शतकातला हा एक लहानसा, रुळलेल्या वाटेपासून बाजूला झालेला समुदाय. स्वामी मूळचे गुजरातकडचे, बोलायला मराठी घेतलेली. सोबत नागदेव म्हणजे भटोबास, बाइसा, महादाइसा, आणखी काही स्त्री-पुरुष. जातीचं सोवळं मानायचं नाही, एका जागी घर करून राहायचं नाही, भिक्षा मागून जेवायचं. बायकांना संन्यासाचा आणि ज्ञानाचा अधिकार पुरुषांइतकाच. त्या काळच्या गावाला ही मंडळी विचित्र वाटली असणार, यात शंका नको. अळजपूर म्हणजे आपलं अचलपूर, मेहकर, लोणार, पैठण असा हा जथा फिरत होता. दिवसभर चालणं, मग एखाद्या देवळाच्या ओवरीत मुक्काम. अशा मुक्कामाला करमणूक दुसरी कोणती असणार? बोलणं.

आता एक नमुना देतो. काऊ-चिऊची गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकानं ऐकली आहे. एकाचं घर शेणाचं, एकीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा दाराशी येऊन उभा राहतो आणि घरधनीण काही केल्या दार उघडत नाही. मराठीत या गोष्टीची फार जुनी लेखी नोंद सापडते ती लीळाचरित्रात. तिथं चिमणीच्या जागी साळई आहे, एवढाच फरक. जरा थांबून याचा विचार करा. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांचा नवा सिद्धांत मांडणाऱ्या पुरुषाचं चरित्र लिहायचं आहे. ज्यानं लिहायला घेतलं तो संस्कृतात मुरलेला पंडित. त्याच्यापुढं कोणीतरी आठवण सांगतं की एकदा स्वामींनी आम्हाला कावळ्याची गोष्ट सांगितली होती. आपल्यापैकी कोणीही असता तर म्हणाला असता, ‘ते राहू द्या हो, काही महत्त्वाचं सांगा.’ म्हाइंभट तसं म्हणाला नाही. त्यानं ती गोष्ट लिहून घेतली. म्हणून आज आपण छातीठोकपणे सांगू शकतो, की वऱ्हाडातली आजी नातवाला जेवू घालताना जे सांगते ते साडेसातशे वर्षांपूर्वीही सांगितलं जात होतं.

विद्वानांनी त्या काळात ग्रंथ कमी लिहिले का? भरपूर लिहिले. यादवांचा करणाधिप हेमाद्री यानं व्रतांवर आणि दानांवर केवढा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात कोणत्या तिथीला काय करावं ते सगळं आहे. त्या तिथीला संध्याकाळी माणसं ओट्यावर बसून काय बोलत, ते मात्र नाही. ते हवं असेल तर रिद्धपूरलाच यावं लागतं.

स्वामींच्या भोवतीच्या मंडळींतली माझी आवडती व्यक्ती महादाइसा. भटोबासांच्या नात्यातली, विधवा, वयानं मोठी आणि प्रश्न विचारण्यात अजिबात न थकणारी. हे असं का, ते तसं का, मग त्याचं पुढं काय झालं? एखाद्या गुरूनं तिला दटावलं असतं. स्वामींनी तिच्या या चौकसपणाचं कौतुक केलं, आणि ते कौतुकही ग्रंथात नोंदलं गेलं आहे. ही बाई पुढं रिद्धपूरला गोविंदप्रभूंसमोर धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून ओळखली जाते. तिची कविता तिच्या चौकसपणातूनच आली असावी, असं मला वाटतं. श्रीकृष्णाच्या लग्नात कोण आलं, कोणी काय नेसलं, काय काय झालं, हे सगळं जाणून घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसणार.

प्रश्नही कसले कसले! मासिक पाळीच्या विटाळाचा प्रश्न निघाला, तेव्हा स्वामींनी सांगितलं त्याचा आशय असा, की शरीराला जशी इतर द्वारं आहेत आणि त्यांतून जसे मळ वाहतात तसंच हेही एक, त्यात विटाळ मानायचं कारण नाही. तेराव्या शतकात हे बोललं गेलं. आजही आपल्या घरांमध्ये ‘कावळा शिवला’ म्हणून लेकीला बाजूला बसवणाऱ्या मंडळींनी हे ऐकून घ्यावं. मला यात उत्तराइतकाच प्रश्नही मोलाचा वाटतो. असा विषय बाईनं पुरुषासमोर, चारचौघांत काढावा आणि कोणी नाक मुरडू नये, यासाठी आधी रोजच्या बोलण्याची सवय लागते. मेहकरला काय खाल्लं यावर ज्यांच्याशी मोकळेपणानं बोलता येतं त्यांच्याशीच हे बोलता येतं. साध्या गप्पांनी आधी जागा मोकळी केली, म्हणून अवघड प्रश्न आत येऊ शकला.

स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर ही मंडळी रिद्धपूरला आली. इथं गोविंदप्रभू होते, म्हणजे गुंडम राऊळ, स्वामींचे गुरू. त्यांचं वागणं जगावेगळं. पोरांबरोबर खेळावं, कोणाच्याही घरात शिरावं, चुलीवरचं भांडं उघडून पाहावं, मनात आलं तर हसावं, नाही तर रागवावं. गाव त्यांना वेडंही म्हणे आणि आपली आईही म्हणे. अॅन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषींनी त्यांच्या लीळांचं इंग्रजी भाषांतर १९८४ मध्ये केलं. रिद्धपुरातल्या गल्लीबोळांत एका माणसानं दिवसभर काय काय केलं, हे अमेरिकेतले विद्यार्थी वाचतात. आपण बसमधून जाताना रिद्धपूरचा फलक पाहतो आणि पुढं मोर्शीची संत्री आठवतो.

म्हाइंभटानं इथं वाजेश्वरीच्या देवळात बसून काम केलं. त्याची पद्धत सांगण्यासारखी आहे. आधी भटोबासांकडून ऐकलं. पण भटोबास प्रत्येक प्रसंगी हजर नव्हते. मग जो जिथं हजर होता त्याच्याकडे तो गेला. माणसं पांगली होती, गावोगाव होती. एकाच प्रसंगाच्या दोन-तीन आठवणी मिळाल्या. आता मेख इथं आहे. दोन साक्षीदारांचं जुळत नसलं की आपण काय करतो? एक खरा धरतो, दुसरा खोटा ठरवतो, नाही तर दोन्ही कालवून तिसरंच काहीतरी तयार करतो. इथं तसं झालं नाही. या पोथीच्या परंपरेत मतभेद तसेच राहू दिलेले आहेत: अमक्याच्या मते असं, तमकीच्या आठवणीप्रमाणे तसं, आणि शेजारी सांगणाऱ्याचं नाव.

परंपरा सांगते की चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग ती पुन्हा उभी केली गेली, पाठ असलेल्यांच्या तोंडून. त्यात हिराइसा नावाच्या बाईचं नाव मोठं. तिच्या आठवणीतून उतरलेल्या पाठाला हिराइसा पाठ म्हणतात. म्हणजे बोलण्यातून कागदावर गेलेलं पुस्तक कागदावरून नाहीसं झालं आणि पुन्हा बोलण्यातून कागदावर आलं. त्यानंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता नव्हता. हरि नारायण नेने, यशवंत खुशाल देशपांडे, विष्णु भिकाजी कोलते या विदर्भातल्या अभ्यासकांनी आयुष्यं घालवून हे धन बाहेर काढलं. कोलत्यांची लीळाचरित्राची संपादित आवृत्ती १९७८ची. ते मूळचे मलकापूरकडचे. या कामाला वऱ्हाडी कानाचा उपयोग झाला असणार, असा माझा आपला एक समज आहे. आपल्याकडे बाजारात ऐकू येणाऱ्या लकबी त्या गद्यात भेटल्या की परका माणूस टीप लिहितो आणि आपला माणूस हसतो.

स्मृतिस्थळ या महानुभाव ग्रंथात एक प्रसंग आहे. भटोबासांचे शिष्य केशिराजबास संस्कृतात लिहू पाहतात. भटोबास म्हणतात की मला ते तुमचं संस्कृत नको, त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. आशय सांगतो आहे, शब्द माझे. भाषाभिमानाच्या भाषणात हा प्रसंग नेहमी येतो आणि टाळ्या घेऊन जातो. मला त्यात अभिमानापेक्षा व्यवहार दिसतो. बैठकीत दहा माणसं बसली आहेत, दोघांनी अशी भाषा काढली की उरलेल्या आठांना कळत नाही, तर ती बैठक मोडते. भटोबासांना बैठक मोडू द्यायची नव्हती.

एवढं कौतुक केल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही बैठक बरोबरीची नव्हती. विचारणारे बरेच आणि सांगणारा एक. शंका कितीही विचारा, शेवटचा शब्द स्वामींचा. भक्तांनी सांगितलेल्या आठवणी आहेत, तेव्हा चमत्कारही आहेत. गुडघ्याखाली आसऱ्याला आलेल्या सशाला स्वामींनी पारध्यांपासून वाचवलं ती लीळा वाचताना डोळ्यांत पाणी येतं, पण पारध्यांची बाजू सांगायला तिथं कोणी नाही. खऱ्या गप्पांमध्ये पारधीही बोलला असता.

बऱ्याच जणांनी विचारायचं आणि एकानं सांगायचं, हा क्रम आपल्याच मातीत पुढं एका माणसानं उलटा केला. २३ फेब्रुवारी १८७६ला अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात डेबूजीचा, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचा, जन्म झाला. बाप दारूपायी गेला, आईनं पोराला माहेरी दापुऱ्याला नेलं. ते गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं, म्हणजे अकोला जिल्ह्यातलं. तेव्हा गाडगेबाबा कोणाचे, यावर अमरावती आणि अकोल्यानं भांडायचं कारण नाही, दोघांचे. पूर्णेकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी जत्रा भरे. तिथं हा माणूस आधी झाडायला उभा राहिला आणि मग बोलायला.

त्यांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं ते सांगतात, की बुवा सांगतो आणि लोक ऐकतात असं तिथं नव्हतंच. बाबा विचारायचे, समोरचे उत्तर द्यायचे. उत्तर चुकलं की बाबा पुन्हा विचारायचे, जरा तिरकं करून. कर्ज काढून लग्न केलं का? बोकड कापला तो देवानं खाल्ला का तुम्ही? पोरगा शाळेत जातो का? आशय असा. हजार माणसांचा घोळका एका सुरात ‘होss’ म्हणे, मग बाबांच्या पुढच्या प्रश्नानं तोच घोळका गप्प होई. पंचायतीत, बाजारात, बैलगाडीवर जसं बोलतात तसंच बोलणं. वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात ८ नोव्हेंबर १९५६ला झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आहे, आजही ऐकता येतं. जरूर ऐका, आणि बाबांपेक्षा लोकांकडे जास्त कान द्या. पोलीस ठाण्यात बसलेले लोक हळूहळू कसे मोकळे होतात, ते त्यांच्या हसण्यावरून कळतं. पुढं दीड महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीला येताना वलगावजवळ बाबा गेले. त्यांनी स्वतः एक ओळ लिहिली नाही. इतरांनी त्यांची चरित्रं लिहिली, आणि त्या चरित्रांतले बाबा एकटे बोलतात. समोरून येणारा आवाज, तो ‘होss’, पुस्तकात मावला नाही. ती फीत नसती तर आज आपण अर्धंच कीर्तन धरून बसलो असतो.

आता आपल्या काळाकडे येतो. अमरावती असो की अकोला, संध्याकाळी पानठेल्यावर उभं राहून पाहा. ठेलेवाला पन्नीवर सुपारी, चुना, तंबाखू घेऊन खर्रा घोटत असतो. घोटायला वेळ लागतो, आणि त्या वेळात गिऱ्हाईक बोलतं. खर्रा खाऊ नका, माझं डॉक्टरांसमोर वाकडं नको, पण बाजूला उभं राहायला पैसे पडत नाहीत. ‘काऊन गा, लय दिवसानं दिसला?’ इथून सुरुवात होते. मग कपाशीचा भाव. मग कोणाच्या पोराला पुण्यात नोकरी लागली. मग एखादा शांतपणे विचारतो, ‘रेडिओवाला पाऊस सांगते, अन् ढग काऊन नाही आयकत त्याचं?’ यावर हवामानशास्त्रापासून हनुमानापर्यंत उत्तरं येतात. कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही, पारधीही बोलतो आणि ससाही बोलतो. हे सगळं रोज होतं आणि रोज हवेत जातं.

हवेत गेलं तरी बिघडत नाही, असं तुम्ही म्हणाल. गप्पा हवेत जाण्यासाठीच असतात, तेही खरं. हल्ली मात्र त्या हवेत न जाता मोबाइलवर जातात. कालच्या ठेल्यावरची गोष्ट आज गटागटांत फिरते. तक्रार माझी मोबाइलवर नाही, तिथं सांगणाऱ्याचं नाव गळून पडतं यावर आहे. ‘जसं आलं तसं पुढं पाठवलं.’ कोणी पाहिलं, कुठं, केव्हा, काही नाही. म्हाइंभटाकडे कागद दुर्मीळ होता, तरी त्यानं नावासाठी जागा काढली.

शकुंतलेचंच पाहा. अचलपूर ते मूर्तिजापूर आणि तिथून यवतमाळ, अशी ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. अचलपूर ते मूर्तिजापूर पाऊणशे किलोमीटर जायला चार तास घेई. अंजनगाव, दर्यापूर, एकेक स्टेशन. शेवटच्या वर्षांत गार्डच उतरून तिकिटं देई. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, नंतर डिझेल आलं, आणि अलीकडं गाडीच थांबली. चार तास एका डब्यात, समोरासमोर बाकं, खिडकीतून कपाशी. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या माणसांनी एकमेकांशी जितकं बोलून घेतलं असेल त्यातलं बरंच या डब्यांत झालं असणार.

आणि या गाडीची एक गोष्ट प्रत्येकाला माहीत आहे. रूळ अजून इंग्रजांचे आहेत, दरवर्षी त्यांना पैसे जातात. याला मूळ आधार आहे. सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही खाजगी कंपनी, किलिक निक्सन यांच्या कारभाराखालची, आणि १९५१च्या राष्ट्रीयीकरणात हा मार्ग मागं राहिला. यापुढचं मात्र प्रत्येक गावात वेगळं आहे. कोणी म्हणतं पैसे लंडनला जातात, कोणी म्हणतं मुंबईच्याच एका कचेरीत. कोणी म्हणतं वर्षाला कोटभर, कोणी म्हणतं कापसाच्या गाठीमागे. कोणी म्हणतं गोऱ्या साहेबाची नात एकदा दर्यापूरला रूळ पाहायला आली होती, आणि ती आपल्या आजोबांनी पाहिली. ही शेवटची गोष्ट मला एकानं सांगितली, तेव्हा मी विचारलं, ‘कोणत्या साली?’ तो म्हणाला, ‘सालाचं मले काय विचारता राजेहो, आजोबाले विचारा.’ आजोबा वारले होते.

यातलं खरं काय आणि रचलेलं काय, ते कंपनीच्या कागदपत्रांवरून कोणीतरी ठरवील. माझा रस दुसऱ्या बाजूला आहे. दर्यापूरला ही गोष्ट अशी का सांगतात आणि मूर्तिजापूरला तशी का? जिथं गाडी कापूस नेत होती तिथं पैसा गाठींमागे जातो, जिथं फक्त माणसं चढत-उतरत तिथं तो तिकिटामागे जातो, असं काही आहे का? हे शोधायला कोणी फिरलेलं माझ्या पाहण्यात नाही. आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तिथल्या मुलांनी प्रत्ययांचा अभ्यास करावाच. पण एक वही घेऊन त्यांनी या मार्गावरच्या गावांत जावं, जुन्या गँगमनना, गेटकीपरना, भाजी घेऊन चढणाऱ्या बायांना गाठावं, आणि जे सांगतील ते न गाळता उतरवावं. जुळलं नाही तर दोन्ही लिहावं, ज्याचं त्याचं नाव घालून. ही मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा प्रकल्पाची मंजुरी येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. त्यातून पाव तास मी आधीच खाल्ला. उरलेल्या वेळात मला प्रश्न विचारू नका, अशी विनंती आहे. इथं शकुंतलेनं प्रवास केलेले बरेच जण दिसतात, अकोल्याकडचे तर नक्कीच आहेत. त्यांनी बोलावं. पहिल्या रांगेत दोन विद्यार्थी वही घेऊन बसले आहेत. तेव्हा आधी आपलं नाव आणि गाव सांगा, गाडीत कोणत्या स्टेशनावर चढत होता ते सांगा, आणि मग जे आठवेल ते. कामाचं आहे की बिनकामाचं, याची काळजी करू नका. बोला, कोण सुरू करतं?